रिबनच्या पाठीच्या तीन खुर्च्या : एका जुन्या रेखाटनाचं वाचन

एका पानावर तीन खुर्च्या शेजारी शेजारी काढल्या आहेत. तिन्ही जवळजवळ समोरून दिसतात, बैठक तेवढी किंचित वरून. पुढचे पाय गुडघ्याशी बाहेर आलेले आणि घोट्याशी आत वळलेले. पण नजर पायांवर ठरत नाही, ती सरळ पाठीकडे जाते. पाठीत मधोमध, जिथे एरवी लाकडाची उभी पट्टी असते, तिथे रिबन आहे. वरून सुटलेली, मध्येच गाठ घेतलेली, सैल वेटोळी करत बैठकीपर्यंत उतरलेली, कुठे सुलटी तर कुठे उलटी. रेशमाची म्हणावी इतकी मऊ. ही रिबन महोगनीच्या फळीतून कोरून काढायची आहे हे पान बघताना आपसूक लक्षात येत नाही, कुणीतरी सांगावं लागतं.

हे पान टॉमस चिपेंडेल या लंडनच्या फर्निचर-कारागिराच्या पुस्तकातलं आहे. पुस्तकाचं नाव 'द जेंटलमन अँड कॅबिनेट-मेकर्स डायरेक्टर'. पहिली आवृत्ती १७५४ ची. १७६२ च्या तिसऱ्या आवृत्तीत हे पान १५ व्या क्रमांकावर येतं. जुन्या फर्निचरचं रेखाटन बघावं कसं, हे मुलांना दाखवायची वेळ आली की मी हेच पान काढते. याच्याहून सुबक रेखाटनं पुष्कळ आहेत. पण रेखाटन आणि वस्तू यांच्यात नेमकं काय घडतं, ते इतक्या उघडपणे दाखवणारं दुसरं पान माझ्या पाहण्यात नाही.

अशा रेखाटनाचं कौतुक बहुतेकदा 'किती बारीक!' एवढ्यावर संपतं. फार झालं तर 'अगदी फोटोसारखं'. दोन्ही मनापासून म्हटलेलं असतं, आणि त्यात खोटं काही नाही. पण ते कौतुक काढणाऱ्याच्या डोळ्यांचं आणि सबुरीचं असतं. खुर्चीपर्यंत ते पोचत नाही. फर्निचरचं रेखाटन दोन माणसांसाठी काढलेलं असतं. एकाला ती वस्तू घ्यायची असते, दुसऱ्याला ती करायची असते. घेणाऱ्याला ती आपल्या दिवाणखान्यात कशी शोभेल ते बघायचं असतं, करणाऱ्याला पहिली करवत कुठे चालवायची ते. एकाच कागदाने दोघांचं समाधान करणं कठीण, आणि चिपेंडेलने तर पुस्तकाच्या नावातच दोघांना एकत्र बसवलं. तेव्हा या पानाचं मोल करायचं तर त्याने कुणाला काय दिलं आणि काय हातचं राखलं, हे बघावं लागतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. चिपेंडेलचा जन्म १७१८ चा, यॉर्कशरमधल्या ऑटली गावातल्या सुताराच्या घरातला. पुस्तक निघालं त्याच सुमारास त्याने जेम्स रॅनी या भागीदाराबरोबर लंडनच्या सेंट मार्टिन्स लेनवर दुकान आणि कारखाना थाटला. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे वर्गणीदार आधी जमवून पुस्तक छापलं. ते तीनशेच्या वर होते. त्यांत उमराव होते, आणि फर्निचर करणारे कारागीरही भरपूर होते. १६० ताम्रपटांवरून छापलेलं हे पुस्तक इतकं खपलं की पुढच्याच वर्षी दुसरी आवृत्ती काढावी लागली. त्याच वर्षी, १७५५ च्या एप्रिलमध्ये, त्याच्या कारखान्याला आग लागली आणि २२ कारागिरांच्या हत्यारांच्या पेट्या जळाल्या. रिबनच्या खुर्च्यांशी या आगीचा थेट संबंध नाही. पण सुताराची हत्यारपेटी म्हणजे काय चीज असते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हा आकडा वाचून पुढे सरकता येत नाही. आपण एका नावाने ज्या रेखाटनांचं कौतुक करतो, त्यांच्यामागे किती हात होते याचा अंदाजही त्यातून येतो.

आता पानाकडे वळू. भिंग असेल तर घ्यावं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने या पुस्तकाच्या पानांची मोठी छायाचित्रं सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत. पडद्यावर ती हवी तेवढी मोठी करता येतात, त्यामुळे भिंग नसलं तरी अडत नाही.

सगळ्यात आधी जाणवतं ते हे, की या चित्रात करडा रंग कुठेच नाही. कागदाचा पांढरा आणि शाईचा काळा, एवढंच. हे ताम्रपटावरचं कोरीव काम. तांब्याच्या घासून आरशासारख्या केलेल्या पत्र्यावर टोकदार पोलादी कोरणीने रेघ कोरतात. कोरणी पुढे ढकलली की धातूचा बारीक कीस निघतो आणि मागे खाच राहते. हात हलका असला तर खाच उथळ आणि रेघ केसासारखी, दाब वाढवला तर खोल आणि जाड. मग खाचांत शाई भरायची, वरची पुसून काढायची, ओलसर कागद ठेवून दोन रुळांमधून पत्रा दाबून काढायचा. पत्र्यावर डावीकडे असलेलं कागदावर उजवीकडे उमटतं, म्हणून कोरणारा सगळं चित्र उलटं कोरत असतो. डायरेक्टरच्या बहुतेक पानांचं कोरीव काम मॅथ्यू डार्लीने केलं. पानाच्या तळाशी एका कोपऱ्यात कल्पना आणि रेखाटन चिपेंडेलचं असं लिहिलेलं असतं, दुसऱ्या कोपऱ्यात कोरणाऱ्याचं नाव. ती दोन नावं कायम एका ओळीत वाचावीत, कारण आपण ज्या रेघेवर जीव टाकतो ती प्रत्यक्षात दुसऱ्या नावाच्या माणसाच्या हातची असते.

रिबन जिथे वळते तिथे भिंग न्या. वरच्या अंगाला कागद कोराच सोडला आहे. वळण खाली जायला लागलं की समांतर रेघा सुरू होतात, आधी विरळ, मग दाट. रिबनचा एक पदर दुसऱ्याच्या खाली शिरतो तिथे त्या इतक्या जवळ येतात की दोन रेघांमधला पांढरा जेमतेम उरतो. शिवाय या रेघा नुसत्या अंधार दाखवत नाहीत, पृष्ठभाग कोणत्या दिशेने वाकला आहे तेही सांगतात. कोरीव काम करणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. पदर कुठे उचलायचा, कुठे दाबायचा, कोणता वर आणि कोणता खाली, ही माहिती त्या रेघांच्या दिशेत आहे. फोटोत तुम्हाला प्रकाश मिळेल, सावली मिळेल. पटाशी कोणत्या अंगाने फिरवायची ते मिळेलच असं नाही. म्हणून 'फोटोसारखं' हे मला कमी कौतुक वाटतं.

इथवर रेखाटनाची बाजू भक्कम आहे. पण मी या पानाचा मोठा प्रिंट काढून आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रींना दाखवला, तेव्हा त्यांनी तो बराच वेळ निरखला आणि विचारलं, "ताई, मागनं कशी आहे ही?"

मागून कशी आहे ते पान सांगत नाही. बाजूने कशी आहे तेही नाही. त्यांनी मग बोटाने एकेक जागा दाखवली. रिबनची फळी किती जाडीची घ्यायची? पाठ मागे किती कलती? वरच्या आडव्या पट्टीत हिचं कुसू (खाचेत बसणारं टोक) किती खोल जातं? खाली ती बैठकीच्या मागच्या पट्टीत बसते, का मध्ये आणखी एखादा तुकडा आहे? शेवटचा प्रश्न तर फारच नेमका होता. इंग्लिश खुर्च्यांत तसा तुकडा असतोच. बैठकीच्या मागच्या पट्टीवर एक वेगळी, वरून गोलसर केलेली पट्टी बसवतात आणि पाठीची मधली फळी त्या पट्टीच्या खाचेत उभी राहते. मागचा पाय आणि त्याच्यावरचा पाठीचा खांब हे मात्र एकाच अखंड लाकडातून काढलेले असतात. मिस्त्रींनी लंडनची खुर्ची कधी उघडून पाहिलेली नाही. लाकूड कुठे अडेल हे त्यांच्या हाताला माहीत आहे, म्हणून चित्रात जिथे बैठकीच्या गादीने सांधा झाकला आहे, नेमकं तिथे त्यांचं बोट गेलं.

मग हे रेखाटन कारागिराच्या कामाचं नाही का? काहीजण असा निकाल लगेच देतात, आणि तो मला पटत नाही. चिपेंडेलने खुर्च्यांच्या पानांसोबत जो मजकूर दिला आहे तो वाचला की चित्राचा वापर कसा व्हायचा होता ते कळतं. तो सांगतो की बैठकीच्या वर पाठीची उंची सहसा २२ इंचांपेक्षा जास्त नसते. बाकीची मापं एका वेगळ्या पानावर एकदाच दिली आहेत, तिथून घ्यावीत. खोली लहान असेल तर मापंही कमी करावीत. बैठकीचं कापड पट्ट्यांवरून ओढून बसवलं तर उत्तम दिसतं, पण सर्रास पितळी खिळ्यांच्या एक-दोन ओळी मारतात. कापड सहसा खिडकीच्या पडद्याचंच. आणि या सगळ्यात एक वाक्य आहे: ही चित्रं मोठी करून काढताना काळजी घ्यावी.

छापलेलं पान हे काम सुरू करायचं शेवटचं रेखाटन नव्हतंच. त्याच्यावरून कारखान्यात खऱ्या मापाचं चित्र काढायचं, त्यावरून पातळ फळीचे फर्मे कापायचे, ते फर्मे लाकडावर ठेवून आखणी करायची. सांधे, जाडी, कल हे सगळं त्या मधल्या टप्प्यात ठरायचं. १७५४ च्या लंडनमध्ये सात वर्षं उमेदवारी केलेल्या कारागिराला साल-कुसू, म्हणजे खाच आणि टोकाचा सांधा, शिकवायची गरज नव्हती. त्याला गरज होती ती नवा आकार कसा दिसतो हे कळायची. पान त्याला तेवढंच सांगतं आणि बाकी त्याच्यावर सोपवतं. ते सोपवणं मला विश्वासाचं वाटतं. मात्र आज तीच परंपरा हातात नसलेल्या माणसाने हे पान घेऊन लाकूड कापायला बसू नये, हेही तितकंच खरं.

आणखी एक गंमत डायरेक्टरच्या खुर्च्यांच्या इतर पानांवर आहे. एकाच खुर्चीचे पुढचे दोन पाय वेगवेगळे काढलेले असतात. प्रथम बघणाऱ्याला वाटतं, काढणाऱ्याचं काहीतरी चुकलं. मजकुरात खुलासा आहे: निवडीला जास्त वाव मिळावा म्हणून पाय वेगळे दिले आहेत. कपाटांच्या बाबतीतही तेच, डावी बाजू एका नक्षीची आणि उजवी दुसऱ्या नक्षीची. म्हणजे रेखाटनातली ती वस्तू तशीच्या तशी कधीच अस्तित्वात येणार नव्हती. गिऱ्हाइकाने बोट ठेवायचं, कारागिराने तो पाय दोन्हीकडे करायचा. ताम्रपट महाग, कागद महाग, त्यामुळे एका चित्रात दोन खुर्च्या भरल्या. हे कळल्यावर 'फोटोसारखं' हा शब्द आपोआपच गळून पडतो. फोटो आहे त्या वस्तूचा निघतो, हे चित्र व्हायच्या वस्तूचं आहे.

पण रिबनच्या पानाचा खरा ऐवज मला सापडतो तो दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्यावर.

१७५४ साली चिपेंडेल या तीन खुर्च्यांबद्दल लिहितो की, गर्व न मानता सांगायचं तर, मी पाहिलेल्या खुर्च्यांत या सर्वोत्तम आहेत, कदाचित आजवर झालेल्या सगळ्या खुर्च्यांतही. पुढे म्हणतो की डाव्या हाताची खुर्ची या रेखाटनावरून प्रत्यक्ष करून झाली आहे, ती फार छान दिसली आणि बघणाऱ्या सगळ्यांचं समाधान झालं. उरलेल्या दोन नीट हाताळल्या तर त्याही तितक्याच पसंत पडतील याबद्दल त्याला शंका नाही. म्हणजे त्या वेळी तीन चित्रांमागे उभी असलेली खरी खुर्ची एकाच नमुन्याची होती. दोन अजून कागदावरच होत्या. ज्या पानाला आज आपण 'जुन्या फर्निचरचं तपशीलवार चित्र' म्हणतो, त्याचा दोन तृतीयांश भाग छापून झाला तेव्हा निव्वळ बेत होता.

१७६२ साली पान तेच, मजकूर बदलला. 'सर्वोत्तम' हा शब्द गेला. आता तो सांगतो की या खुर्च्यांचे अनेक संच करून दिले आणि ते पूर्ण पसंत पडले. आणि लगेच पुढे, की यातले बारीकसारीक अलंकार कुणाला जादा वाटले तर ते गाळावेत, रचना त्याने बिघडणार नाही. बैठकीला लाल मोरोक्को चामडं लावलं तर उठून दिसेल.

आठ वर्षांत एका माणसाचा आपल्याच रेखाटनाशी कसा परिचय वाढला, ते या दोन मजकुरांत दिसतं. पहिल्यात तो चित्राच्या बाजूने बोलतो, दुसऱ्यात काम करून घेतलेल्या माणसाच्या बाजूने. मधल्या काळात कुणा गिऱ्हाइकाने 'एवढं नको' म्हटलं असेल, कुणी खर्चाला कचरलं असेल, हे अंदाज झाले. मजकूर काय सांगतो ते मात्र स्पष्ट आहे. ज्या तपशिलाने आपले डोळे दिपतात, त्यातला काही भाग काढणाऱ्याने स्वतः ऐच्छिक ठरवला.

मग अनिवार्य काय? याचं उत्तर मुलांनी स्वतः काढावं म्हणून मी पानावर ट्रेसिंग पेपर ठेवायला सांगते. पहिल्या कागदावर फक्त सांगाडा घ्यायचा: दोन खांब, वरची पट्टी, बैठक, पाय. पानंफुलं, कंगोरे, कडेचे झुबके काही नाही. दुसऱ्या कागदावर रिबनची फक्त मधली रेघ, जाडी न दाखवता. अर्ध्या तासाचं काम. मग मूळ पान खालून काढून घ्यायचं आणि दोन्ही कागद एकावर एक धरायचे. नुसत्या रेघांची ती खुर्चीसुद्धा डौलदार दिसते. रिबनची रेघ एका बाजूला वळते, थांबते, उलट्या बाजूला वळते. पायाची रेघ तेच करते, फक्त एकदाच आणि सावकाश. वरच्या पट्टीतही तोच झोका आहे. सगळी खुर्ची एकाच प्रकारच्या वळणांतून बांधली आहे, नक्षी त्यावर बसली आहे. चिपेंडेल 'गाळलं तरी बिघडणार नाही' असं ठामपणे म्हणू शकला तो या सांगाड्याच्या जिवावर. नक्षीदार जुनं रेखाटन चांगलं की नुसतंच भरगच्च, हे ठरवायला याच्याइतकी साधी कसोटी नाही. मी ती पोर्तुगीज काळातल्या गोव्याच्या कपाटांच्या चित्रांनाही लावते.

त्या वळणाबद्दल लंडनमध्ये तेव्हा बोललंही जात होतं. विल्यम होगार्थ या चित्रकाराने १७५३ साली सौंदर्याची चिकित्सा करणारं पुस्तक काढलं. नागमोडी रेघ ही सौंदर्याची रेघ, असा त्याचा सिद्धान्त होता. ते पटवण्यासाठी त्याने जी चित्रं दिली त्यांत खुर्चीच्या पायाची वळणं ओळीने काढून दाखवली: काही फारच सपाट, काही फारच फुगीर, मधलं नेमकं. होगार्थ ज्या कला-विद्यालयाचा आधार होता ते सेंट मार्टिन्स लेनवरच होतं. चिपेंडेलने ते पुस्तक उघडून पाहिलं का, या वादात शिरायची मला गरज वाटत नाही. एकाच रस्त्यावर, एक-दोन वर्षांच्या अंतराने, एक माणूस खुर्चीच्या पायाचं वळण तत्त्व म्हणून मांडत होता आणि दुसरा ते विकायला काढत होता, एवढं पुरेसं आहे. चिपेंडेलनेही पुस्तकाच्या सुरुवातीला स्तंभरचनेचे पाच अभिजात प्रकार आणि यथार्थदर्शनाचे नियम दिले होते. वास्तुकला हा आपल्या धंद्याचा पाया आहे, असं त्याचं म्हणणं होतं. नाचऱ्या रिबनच्या आधी वाचकाला दगडी स्तंभांचं प्रमाण शिकवणारा हा माणूस, म्हणूनच सांगाडा सुटत नाही.

आता लाकडाची अडचण. मिस्त्रींना ज्याची धास्ती वाटली ती गोष्ट हीच होती. पाठीच्या फळीत लाकडाचे तंतू उभे जातात. रिबन उभी उतरते तोवर ठीक, तंतू सलग राहतात. पण ती आडवी वळली की त्या तेवढ्या भागात तंतू रिबनच्या रुंदीएवढेच लांब उरतात, दोन्ही कडांना कापलेले. अशा जागी लाकूड बिस्किटासारखं मोडतं. कोरताना मोडत नाही, कोरून झाल्यावर कुणीतरी पाठ टेकून मागे रेलला की मोडतं. रेशमाला आडवं-उभं सारखंच असतं, लाकडाला नसतं, आणि पानावरच्या रेघांना तर त्याचं काहीच सोयरसुतक नाही. इथे चित्र आणि लाकूड खरोखर भांडतात.

त्यावर तोडगे आहेत. वेटोळी जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे ती चिकटलेलीच ठेवायची, म्हणजे आडव्या भागाला आधार मिळतो. समोरून रिबन कागदासारखी पातळ दिसेल असं कोरायचं, पण मागे जाडी शिल्लक ठेवायची आणि कडा तिरप्या छाटायच्या. पानावर वेटोळी कुठे जुळतात ते नीट मोजलं तर लक्षात येतं की ती फार काळ एकटी हवेत राहत नाहीत, थोडं गेलं की कशाला तरी टेकतातच. हे सगळं केवळ शोभेसाठी काढलं असेल असं मला वाटत नाही. काढणाऱ्याच्या हाताने कधीतरी लाकूड मोडताना अनुभवलं असणार.

आणि लाकूड महोगनी होतं, हाही भाग मोठा. १७२१ साली ब्रिटिश संसदेने आपल्या अमेरिकी वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरची जकात उठवली. त्यानंतर जमैका आणि आसपासच्या बेटांवरून महोगनी लंडनमध्ये येऊ लागलं. घट्ट, बारीक पोताचं, फारसं न वाकणारं, आणि धार लावलेल्या पटाशीखाली स्वच्छ कापलं जाणारं. पूर्वीच्या अक्रोडात ही रिबन काढायला कुणी धजावलं असतं का, शंकाच आहे. ती बेटं, तिथली गुलामगिरी आणि तोडलेली जंगलं पानावर दिसत नाहीत. पण लाकडाशिवाय हे रेखाटन निव्वळ स्वप्न राहिलं असतं, तेव्हा रेखाटनाची गोष्ट सांगताना लाकूड कुठून आलं हे सांगितलंच पाहिजे.

असं असूनही तेव्हा शंका घेणारे होतेच. ही सगळी दिसायला देखणी चित्रं आहेत, कुठल्याही कारागिराला ती प्रत्यक्षात उतरवता यायची नाहीत, असं धंद्यातले काही लोक म्हणत होते. प्रस्तावनेत चिपेंडेलने त्यांना सडेतोड उत्तर दिलं. हे बोलणं द्वेष, अज्ञान आणि नाकर्तेपणातून येतं, असं तो म्हणतो. पुढे तर दावा करतो की पुस्तकातली प्रत्येक रचना प्रत्यक्ष करताना चित्रापेक्षा सुंदर होऊ शकते, आणि ज्यांना खात्री करून घ्यायची असेल त्यांनी काम द्यावं. यात धंद्याची जाहिरात आहे, ती त्याने लपवलेली नाही. पण 'चित्रापेक्षा वस्तू सुंदर होईल' हे वाक्य रेखाटनाकडे बघायची त्याची दृष्टी सांगतं. आपण आज काचेमागे हे पान ठेवतो आणि त्यालाच शेवटची कलाकृती मानतो. त्याच्या लेखी ते निमंत्रण होतं.

या रेखाटनांचा कर्ता कोण, यावरही पुढे वाद झाला. १९२९ साली फिस्क किंबॉल आणि एडना डॉनेल या अमेरिकी अभ्यासकांनी मांडलं की डायरेक्टरमधली रेखाटनं मुळात मथायस लॉक आणि हेन्री कोपलंड या दोन रेखाटनकारांची, चिपेंडेलने फक्त नाव लावलं. हा तर्क बरीच वर्षं चालला. आता अभ्यासक तो मानत नाहीत, आणि रेखाटनांचं श्रेय पुन्हा चिपेंडेलकडे आलं आहे. मेट्रोपॉलिटन म्युझियमने १९२० साली घेतलेल्या संग्रहात त्याच्या कार्यशाळेतली पुस्तकासाठीची मूळ रेखाटनं आहेत. त्यांचा हात बघितला की छापील पानाइतकी करकरीत रेघ तिथे नाही हे जाणवतं. ती जास्त मोकळी आहे, पाण्यात कालवलेल्या करड्या शाईची सावली आहे. तो करडा डार्लीने रेघांत बदलला. म्हणून वर म्हटलं, की दोन्ही नावं एकत्र वाचावीत.

पान जगभर गेलं. फिलाडेल्फियाच्या कारागिरांकडे ते पुस्तक होतं. आपल्याकडे विशाखापट्टणमच्या कारागिरांनी इंग्लिश घाटाच्या खुर्च्यांवर हस्तिदंताची नक्षी चढवली. मात्र छापलेल्या पानावरून कुणीही खुर्ची करू शकत होता, त्यामुळे नुसत्या साम्यावरून कुठलीही खुर्ची 'चिपेंडेलची' ठरत नाही. त्यासाठी बिल लागतं, पत्रव्यवहार लागतो. त्याने आपल्या कामावर शिक्का मारला नाही. शिवाय एकोणिसाव्या शतकात या शैलीची लाट पुन्हा आली आणि रिबनच्या पाठीच्या खुर्च्या नव्याने ढीगभर झाल्या. मधल्या काळात, १७९० च्या दशकात, टॉमस शेरेटन या पुढच्या पिढीतल्या फर्निचर-रेखाटनकाराने आपल्या पुस्तकात लिहून टाकलं होतं की चिपेंडेलच्या रचना आता पार जुन्या झाल्या, बाजूला पडल्या, जरी आपल्या काळात त्या गुणवान होत्या. जेमतेम तीस-चाळीस वर्षांत ही गत. आज लिलावात एखादी खुर्ची आली की तिच्या वयाबद्दल दहा शंका निघतात. पानाचं वय मात्र त्याच्यावरच छापलेलं आहे.

गेल्या वेळी ट्रेसिंगचं काम संपल्यावर एका मुलीने आपला दुसरा कागद वर धरला आणि म्हणाली, रिबनच काढून टाकली तर ही खुर्ची जास्त चांगली होईल, टिकेल तरी. वर्गात मोठा वाद झाला. लाकडाच्या बाजूने ती बरोबर आहे, आणि मी तिला तसं सांगितलं. पण रिबन नसेल तर या पानावर काढण्यासारखं धाडस उरत नाही असं माझं मत आहे, तेही सांगितलं. तिला ते पटलेलं नाही. ती आता रिबनऐवजी सरळ उभ्या पट्ट्या घेऊन, तोच सांगाडा आणि तेच २२ इंच धरून, खऱ्या मापाचं रेखाटन करते आहे, आणि या वेळी मागची बाजूही काढायची असं तिने ठरवलं आहे.